झोरा नील हर्स्टनचे दोन खंड: आधी दुसरा उघडा

झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय अमेरिकी लेखिकेचं नाव घेतलं की 'देअर आईज वेअर वॉचिंग गॉड' हीच कादंबरी पुढे येते. अमेरिकेत ती शाळा-कॉलेजांत नेमलेली असते, २००५ साली तिच्यावर हॅली बेरीचा टीव्हीपट आला, आणि 'हर्स्टन वाचलीय' याचा अर्थ बहुतेकदा 'ती एक कादंबरी वाचलीय' एवढाच असतो. त्यामुळे अभिजात अमेरिकी साहित्य छापणाऱ्या लायब्ररी ऑफ अमेरिकेचा दोन खंडांचा संच समोर आला की हात आपोआप कादंबऱ्यांच्या खंडाकडे जातो. पैसे एकाच खंडापुरते असतील तर तो हात आवरा. दुसरा खंड घ्या. कादंबरी सुट्या पेपरबॅकमध्ये स्वस्तात मिळते. दुसऱ्या खंडातली बाई मात्र इतकी सबंध, एका जागी, दुसरीकडे भेटत नाही.

संच १९९५चा, संपादक शेरिल वॉल, मालिकेतले क्रमांक ७४ आणि ७५. पहिल्यात चार कादंबऱ्या आणि निवडक कथा. दुसऱ्यात लोककथांचं 'म्यूल्स अँड मेन', जमैका-हैतीवरचं 'टेल माय हॉर्स', आत्मचरित्र 'डस्ट ट्रॅक्स ऑन अ रोड' आणि निवडक लेख. पुठ्ठाबांधणी, शिवलेली पानं, आत खुणेची फीत. प्रत्येक खंड हजार पानांच्या घरात असूनही हातात मावतो, कारण कागद अगदी पातळ आहे. म्हणून खुणा पेन्सिलीनेच कराव्यात, आणि पावसाळ्यात उघड्या फडताळावर ठेवू नये. टंक लहान आहे. चाळिशी लागलेल्यांनी घेण्याआधी एखादं पान बघून घ्यावं.

प्रस्तावना शोधू नका, नाहीच आहे. या मालिकेत पंडितांचा निबंध पुढे जोडत नाहीत. त्याऐवजी शेवटी जीवनपट, संहितेविषयीची टीप आणि अर्थटिपा असतात. हर्स्टनच्या बाबतीत वाचनाची सुरुवात या मागच्या पानांपासून करावी, कारण ही बाई स्वतःविषयी बेधडक थापा मारते. आपला जन्म फ्लोरिडातल्या ईटनव्हिलचा, असं ती सांगते. खरा जन्म अलाबामातल्या नोटासल्गाचा, ७ जानेवारी १८९१. ईटनव्हिलला कुटुंब आलं तेव्हा ती अगदी लहान होती. १८८७ साली रीतसर नगरपालिका झालेलं ते काळ्यांचं गाव. नगराध्यक्ष काळा, मतदार काळे, दुकानदारही काळा. तिचे वडील जॉन हर्स्टन तिथे बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते आणि नगराध्यक्षही झाले. आई लूसी १९०४ साली गेली आणि घर फुटलं. पुढची दहा-बारा वर्षं पडेल ते काम करण्यात गेली. १९१७ साली बाल्टिमोरमध्ये मोफत शाळेत बसायचं तर वयाची अट आड येत होती. तेव्हा सव्वीस वर्षांच्या झोराने सरळ दहा वर्षं कापली आणि जन्म १९०१चा करून टाकला. ती दहा वर्षं तिने परत कधीच जोडली नाहीत. तिच्या थडग्यावरही १९०१च कोरलेलं आहे. जीवनपट आधी वाचला की आत्मचरित्र वाचताना ती कुठे कात्री चालवते आहे ते दिसू लागतं, आणि त्यातली खरी गंमत तीच आहे.

'म्यूल्स अँड मेन' हा या खंडातला सगळ्यात जिवंत भाग. १९३५चं पुस्तक, मिगेल कोव्हारुबियासची चित्रं इथे आहेत. कोलंबिया विद्यापीठात फ्रान्झ बोआस यांच्या हाताखाली मानवशास्त्र शिकलेली ही मुलगी आपल्याच गावी लोककथा गोळा करायला जाते. गावकरी कथांना 'लाइज' म्हणतात, म्हणजे थापा. जो क्लार्कच्या दुकानाच्या ओसरीवर बसून एकाने थाप मारायची, दुसऱ्याने त्यावर कडी करायची. मालक आणि गुलाम जॉन, देव आणि सैतान, मगरीचं तोंड असं का, कुत्र्या-मांजराचं वैर कधीपासून, अशा जवळपास सत्तर कथा यात आहेत.

तिची १९२७ची पहिली फेरी मात्र फसली होती. १,४०० डॉलरची शिष्यवृत्ती खर्ची पडली आणि हाती फारसं काही लागलं नाही. कारण तिने स्वतःच लिहून ठेवलंय. ती शिकली त्या बार्नर्ड कॉलेजातली साफसूफ इंग्रजी बोलत ती माणसांना विचारायची की तुम्हाला काही लोककथा येतात का, आणि माणसं मान हलवून म्हणायची, इथे कुठल्या, पलीकडच्या गावात विचारा. दुसऱ्या खेपेला ती शहाणी झाली होती. पोक काउंटीच्या लाकूडकापू वस्तीवर मात्र पुन्हा गडबड झाली. आजूबाजूच्या बायका टपालाने मागवलेल्या १.९८ डॉलरच्या झग्यांत आणि हिच्या अंगावर न्यूयॉर्कच्या मेसीज या बड्या दुकानातला १२.७४ डॉलरचा. लोकांना ती सरकारची हेर वाटली. मग तिने आपण दारूच्या चोरट्या धंद्यातल्या, पोलिसांपासून पळणाऱ्या आहोत अशी बतावणी केली, झगा बदलला, गाणी म्हटली, आणि दारं उघडली. क्षेत्रकार्य शिकवणाऱ्यांनी ही पंधरा-वीस पानं मुलांपुढे ठेवावीत, पद्धतीवरचं अख्खं पाठ्यपुस्तक वाचून कळणार नाही ते इथे कळतं.

लोकसाहित्याच्या शिस्तीत वाढलेला वाचक इथे नाक मुरडेल, आणि त्याची तक्रार खोटी नाही. कथा कुणी सांगितली ते बरेचदा कळतं, पण ती सुटी, क्रमांक घालून, पाठभेदांसकट येत नाही. मासे धरायला निघालेल्या टोळक्याच्या गप्पांतून, भांडणातून, जुगाराच्या डावातून ती बाहेर पडते. हे दुवे नंतर घातलेले आहेत. प्रकाशक लिपिनकॉटला सामान्य वाचकासाठी पुस्तक हवं होतं, म्हणून कथांच्या मधली माणसं, बडबड आणि मारामाऱ्या वाढवल्या गेल्या. आमच्या मते पुस्तक तरलं ते त्यामुळेच. कथा कशी सांगितली जाते, मध्येच कोण टोकतं, बायका कुठे पुरुषांची जिरवतात, हे नुसत्या संग्रहात कुठे दिसणार? ज्यांना संग्रहच हवा त्यांनी २००१चं 'एव्हरी टंग गॉट टु कन्फेस' घ्यावं. त्यात तिने १९२०च्या दशकाच्या शेवटी जमवलेल्या सुमारे ५०० कथा दुव्यांशिवाय आहेत. संदर्भाला उत्तम, सलग वाचायला कोरडं. 'म्यूल्स अँड मेन'चा न्यू ऑर्लिन्समधल्या हूडूवरचा (काळ्यांची मंत्र-तोडग्यांची विद्या) दुसरा भाग त्या मानाने विस्कळीत आहे. तिथे दीक्षा आणि तोडग्यांच्या कृती येतात, पण माणसं मागे पडतात.

या पुस्तकाबरोबर एक गोष्ट फुकट मिळते, ती सोडू नका. १९३९च्या जूनमध्ये जॅक्सनव्हिल इथे, सरकारी लेखक योजनेत काम करताना, हर्स्टनने स्वतः गायलेली गाणी ध्वनिमुद्रित झाली. ती लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. 'हॅलिमुफॅक' या गाण्याच्या शेवटी ती आपली पद्धत सांगते: गर्दीत शिरायचं, लोक गातात तसं गायचं, एकेक कडवं उचलायचं, मग त्यांनाच म्हणून दाखवायचं आणि जमलं असं ते म्हणेपर्यंत म्हणत राहायचं. टेपरेकॉर्डर खांद्याला लावून फिरण्याच्या आधीच्या काळातली ही पडताळणी आहे. तो आवाज एकदा कानात बसला की छापील पानही त्याच आवाजात ऐकू येतं.

'टेल माय हॉर्स' (१९३८) सावधपणे वाचा. गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर ती १९३६-३७ मध्ये जमैका आणि हैतीला गेली होती. विधी, देवता, अंगात येणं याची वर्णनं भरीव आहेत. राजकारणाची प्रकरणं मात्र कच्ची आहेत. हैतीवरचा अमेरिकी ताबा नुकताच १९३४ साली उठलेला होता, आणि त्याच्याबद्दल ती ज्या सलगीने लिहिते ते आज वाचवत नाही. झोंबी म्हणून काढलेल्या छायाचित्राचं प्रकरण सगळ्यात गाजलं. तिथे निरीक्षक मागे पडतो आणि थाप मारणारी पुढे येते.

मग 'डस्ट ट्रॅक्स ऑन अ रोड'. संच घेण्याचं खरं कारण हेच. हे आत्मचरित्र १९४२ साली निघालं, त्याला अनिसफील्ड-वुल्फ पुरस्कार मिळाला, आणि तिच्या चाहत्यांना ते कायम अवघड जात आलं. वंशद्वेषाबद्दल ही बाई इतकी गुळमुळीत का, गोऱ्या वाचकाला खूश का करते आहे? बरीचशी गोम संहितेत आहे. तिने हस्तलिखित दिलं आणि डिसेंबर १९४१मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला. आशियातल्या वसाहती लुटणाऱ्या युरोपीय सत्ता आणि अमेरिकेचं ढोंग यांवर तिने लिहिलेलं त्या वातावरणात प्रकाशकाला पचलं नाही. चावट मजकूर गेला, अब्रुनुकसानीच्या भीतीनेही काही ओळी गेल्या. लायब्ररी ऑफ अमेरिकेच्या प्रतीत हा गाळलेला मजकूर परत बसवला आहे. 'सीइंग द वर्ल्ड ॲज इट इज' हे प्रकरण वाचताना तर लेखणी दुसऱ्याच कुणाची वाटते, इतकी ती धारदार आहे.

सुटी पेपरबॅक घेणार असाल तर विकत घेण्याआधी हक्कांचं पान उघडा. पुनर्स्थापित संहिता, किंवा निदान गाळलेली प्रकरणं परिशिष्टात, असा उल्लेख हवा. नुसती १९४२ची प्रत असेल तर परत ठेवा. ती वाचून हर्स्टनविषयी केलेलं मत निम्म्या पुराव्यावरचं ठरेल. अर्थात सगळा दोष प्रकाशकावर टाकून भागणार नाही. पूर्ण संहितेतही ती लग्नांबद्दल जेमतेम बोलते, वय लपवते, आणि आपली आश्रयदाती शार्लट ऑसगुड मेसन हिच्याविषयी लाडाने लिहिते. या मेसनबाईंशी डिसेंबर १९२७मध्ये करार झाला होता: महिन्याला २०० डॉलर, आणि जमवलेल्या साहित्यावर हक्क मेसनबाईंचा. स्वतःच्या गावच्या कथा स्वतःला छापायला परवानगी लागावी, हे त्या लाडिक परिच्छेदांच्या मागे ठेवून वाचावं लागतं.

लेखांमध्ये १९३४चा 'कॅरॅक्टरिस्टिक्स ऑफ नीग्रो एक्स्प्रेशन' हा भाषेत रस असणाऱ्याने दोनदा वाचावा. कृष्णवर्णीयांची इंग्रजी म्हणजे बिघडलेली इंग्रजी नव्हे, तिला सजवण्याची हौस आहे, हा तिचा मुद्दा. उदाहरणं चवदार: कुऱ्हाडीला नुसतं 'ॲक्स' न म्हणता 'चॉप-ॲक्स', खुर्चीला 'सिटिंग-चेअर', ठार मारण्याला 'किल-डेड'. म्हणजे वस्तूच्या नावालाच तिचं काम चिकटवायचं. नामाचं क्रियापद करायचं: अंत्यविधी उरकणं म्हणजे 'फ्युनरलाइझ'. 'बाजारहाट', 'कागदपत्र', 'कामधंदा' अशा जोडशब्दांवर वाढलेल्या मराठी कानाला यात पुनरुक्ती वाटणार नाही, ठेका वाटेल. १९५५चं ऑर्लँडोच्या वर्तमानपत्राला लिहिलेलं पत्रही याच खंडात आहे. शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या निकालाविरुद्ध ते आहे. गोऱ्या मुलांशेजारी बसल्यानेच काळ्या मुलांचं भलं होईल हे गृहीतक तिला अपमानास्पद वाटलं. स्वाभिमान ईटनव्हिलचा, फायदा मात्र वर्णभेदवाल्यांचा. ते पत्र टाळून तिची आरती करणाऱ्यांपेक्षा ते छापणारा संपादक बरा.

आता पहिला खंड. 'जोनाज गोर्ड व्हाइन' (१९३४) ही वडिलांच्या आयुष्यावर बेतलेली पहिली कादंबरी. बायकांच्या मागे लागणारा, व्यासपीठावर मात्र लोकांना हलवून सोडणारा धर्मोपदेशक तिचा नायक. त्यातलं प्रवचन मोठ्याने वाचण्यासारखं आहे, बाकी बांधणी सैल आहे. ती लिहिली गेली सॅनफर्डमध्ये, आठवड्याला दीड डॉलर भाड्याच्या खोलीत. हस्तलिखित पाठवायला टपालखर्च १.८३ डॉलर, तोही उसना. भाडं थकलं १८ डॉलर. ज्या दिवशी खोलीतून काढलं त्याच दिवशी २०० डॉलरच्या आगाऊ रकमेसह स्वीकृतीची तार आली, असं ती सांगते. तिच्या उभ्या आयुष्यात एका पुस्तकावर मिळालेलं सगळ्यात मोठं मानधन ९४३.७५ डॉलर. हे आकडे लक्षात ठेवले की पुढे तिने इतके तऱ्हेतऱ्हेचे उद्योग का केले ते वेगळं विचारावं लागत नाही.

'देअर आईज वेअर वॉचिंग गॉड' हैतीत सात आठवड्यांत लिहून झाली आणि सप्टेंबर १९३७मध्ये निघाली. जेनी नावाची बाई मैत्रिणीला, फीबीला, मागच्या ओसरीवर आपली गोष्ट सांगते: आजीने लावून दिलेलं पहिलं लग्न, सत्ताप्रिय जो स्टार्क्सशी दुसरं, आणि वयाने लहान असलेल्या टी केकशी तिसरं. शेवटच्या भागातलं वादळ १९२८च्या ओकिचोबी चक्रीवादळावरून घेतलेलं आहे. तळ्याचा बांध फुटून शेतमजुरांच्या वस्त्या वाहून गेल्या होत्या. मेलेल्यांतही गोऱ्यांना पेट्या आणि काळ्यांना चर, हा तपशील कादंबरीत दोन-तीन परिच्छेदांत येतो आणि कुठल्याही भाषणापेक्षा खोल उतरतो. वादळातल्या प्राण्याकडे लक्ष ठेवा, एवढंच सांगतो, पुढचं सांगून मजा घालवत नाही.

कृष्णवर्णीय लेखक रिचर्ड राइट यांनी १९३७ सालीच या कादंबरीवर तोफ डागली: हिला ना विषय ना विचार, गोऱ्यांच्या करमणुकीसाठी काळ्यांची नक्कल चाललीय, असा तिचा सूर होता. राइट यांचा राग समजण्यासारखा असला तरी कान चुकीचा होता. गोरा माणूस जिथे जवळपास नाहीच अशा गावातल्या बाईला काय हवं असतं, हा त्यांना प्रश्नच वाटला नाही. खरी तक्रार वेगळी आहे. खटल्याच्या प्रसंगी, जिथे जेनीने स्वतःच्या तोंडाने बोलायला हवं, तिथे हर्स्टन निवेदकाच्या आडून ते सांगते. अख्खी कादंबरी बाईला आवाज मिळण्याची आणि ऐन क्षणी आवाज बंद. काही अभ्यासक यात हेतू शोधतात. आम्हाला ती घाई वाटते, सात आठवड्यांची.

उरलेल्या दोन कादंबऱ्यांपैकी 'मोझेस, मॅन ऑफ द माउंटन' (१९३९) विनोदासाठी वाचावी. बायबलातला मोझेस इथे हूडूचा जाणता आहे आणि इस्रायली मंडळी दक्षिणेतल्या काळ्यांच्या बोलीत कुरकुरतात. कल्पना झकास, पण लांबीत दमते. 'सेराफ ऑन द सुवानी' (१९४८) गोऱ्या पात्रांची आहे. पूर्ण करण्याचा हट्ट असेल तरच वाचा. कथांमध्ये 'स्वेट' आणि 'द गिल्डेड सिक्स-बिट्स' या दोन चुकवू नका. कष्टाने धुणी धुणारी बाई आणि तिचा आयतोबा नवरा यांची 'स्वेट' तर वर्गात शिकवायला एका तासाची अचूक कथा आहे.

या खंडात वाचक अडखळतो तो बोलीला, आणि पुस्तक मिटतो तेही तिथेच. निवेदन प्रमाण इंग्रजीत, संवाद बोलीत. मराठी ग्रामीण कथा वाचलेल्याला ही मांडणी ओळखीची आहे, अडचण फक्त स्पेलिंगची. नियम मोजके आहेत. 'मी' या अर्थाचं 'आय' इथे 'आह' होतं, 'माय'चं 'माह', 'लाइक'चं 'लाक'. शब्दाच्या सुरुवातीचं 'द' जड होऊन 'ड' होतं: 'दॅट'चं 'डॅट', 'देम'चं 'डेम'. शब्दाच्या शेवटच्या 'थ'चा कधी 'ड' होतो, कधी 'फ': 'विथ'चं 'विड', 'माउथ'चं 'माउफ'. शब्दातला आणि शेवटचा 'र' गळतो. 'टु'चं 'टुह', 'ऑफ'चं 'उह'. पहिली वीस-तीस पानं ओठ हलवत वाचा. डोळ्यांनी शब्दाचं स्पेलिंग ओळखायला गेलात की प्रत्येक ओळीला ठेच लागेल, कानाने वाचलंत की दुसऱ्या प्रकरणापासून वेग येतो. आणि शब्दकोश बाजूला ठेवा. 'जुक' म्हणजे नाचगाण्याचा-दारूचा अड्डा, 'वूफिंग' म्हणजे पोकळ बढाया, 'मक' म्हणजे ओकिचोबीकाठची काळी कसदार माती, एवढं पुरतं.

तरीही जमत नसेल तर अभिनेत्री रूबी डी यांच्या आवाजातलं श्राव्य पुस्तक घ्या, सुमारे पावणेसात तासांचं. ऐकताना समोर छापील प्रत धरली तर आणखी उत्तम. रूबी डी सांभाळतात ते पात्रांचे आवाज नव्हेत, ओसरीवरची लय. टीव्हीपट मात्र आधी बघू नका. त्यात आजीची भूमिका रूबी डी यांचीच आहे, पण सिनेमाला प्रेमकथा हवी होती आणि कादंबरीला गाव.

संचात काय नाही हेही पाहायला हवं, कारण १९९५नंतर बरंच निघालं. सगळ्यात महत्त्वाचं 'बॅराकून', २०१८. क्लॉटिल्डा हे गुलाम घेऊन अमेरिकेत पोचलेलं शेवटचं ज्ञात जहाज, १८६० साली अलाबामातल्या मोबाइल या बंदराच्या परिसरात आलं. त्यातून आलेल्या कोसोला, उर्फ कजो लुइस, यांच्याशी हर्स्टनने १९२७-२८मध्ये बसून बोलून हे पुस्तक लिहिलं. १९३१ साली ते तयार होतं. एका प्रकाशकाला ते बोलीऐवजी साध्या इंग्रजीत हवं होतं, हर्स्टनने नकार दिला, आणि पुस्तक सत्त्याऐंशी वर्षं पडून राहिलं. वाचताना कळतं की ती बरोबर होती. शब्दाच्या शेवटी 'ई' जोडणारी कोसोलांची इंग्रजी सपाट केली असती तर त्यांचं माणूसपण उणावलं असतं. कोसोला कधी बोलतात, कधी कलिंगड खाऊ म्हणतात, कधी दार लावून घेतात, आणि ती थांबते. संपादक डेबोरा प्लांट यांनी एक नको असलेली गोष्टही लपवलेली नाही: १९२७ साली छापलेल्या त्याच विषयावरच्या पहिल्या लेखात हर्स्टनने एमा लँगडन रोश यांच्या जुन्या पुस्तकातून भरमसाट मजकूर न सांगता उचलला होता. हीच ती फसलेली पहिली फेरी. श्राव्य आवृत्ती रॉबिन माइल्स यांच्या आवाजात आहे, तीही चांगली. क्लॉटिल्डाचा सांगाडा मोबाइल नदीत सापडल्याचं मे २०१९मध्ये पक्कं झालं, त्यामुळे २०१८च्या प्रतीत ते नाही.

नाटकंही संचात नाहीत, पण त्यासाठी खर्च नको. कॉपीराइटसाठी जमा केलेली आणि १९९७ साली हाती लागलेली तिची दहा नाटकं लायब्ररी ऑफ काँग्रेसने ऑनलाइन ठेवली आहेत. चरित्र घ्यायचं तर व्हॅलरी बॉइड यांचं २००३चं 'रॅप्ड इन रेनबोज' घ्या. रॉबर्ट हेमेनवे यांचं १९७७चं चरित्र वाट पाडणारं होतं, साहित्यविश्लेषणात आजही पुढे आहे, पण तपशील बॉइड यांचे नवे.

अखेरची वर्षं आत्मचरित्रात नाहीत, त्यासाठी जीवनपटाकडेच परत यावं लागतं. १९५० साली ती मायामीत मोलकरणीचं काम करताना वर्तमानपत्राच्या बातमीत सापडली. त्याच काळात तिची कथा मोठ्या साप्ताहिकात छापून आली होती. पुढे फोर्ट पिअर्समध्ये स्थानिक पत्रात लिखाण, शाळेत बदली शिक्षिका, झटका, काउंटीचं वृद्धाश्रमवजा कल्याणगृह. २८ जानेवारी १९६०ला ती गेली, थडग्यावर दगड नव्हता. तिचे कागद घराबाहेर जाळले जात असताना ओळखीतल्या एका पोलीस अधिकाऱ्याने आग विझवली. ते करपल्या कडांचे कागद आता गेन्सव्हिलला फ्लोरिडा विद्यापीठात आहेत. १९७३ साली लेखिका ॲलिस वॉकर गवतातून वाट काढत त्या थडग्यापाशी पोचल्या, दगड बसवला, आणि १९७५मध्ये त्यावर लेख लिहिला. कादंबरीची आजची लोकप्रियता तिथून सुरू होते. करपलेल्या कागदांतली हेरोड राजावरची अपुरी कादंबरीही जानेवारी २०२५मध्ये निघाली. ती अभ्यासकांसाठी. संच हाती असलेल्याने लगेच धावायची गरज नाही.

भारतातल्या खरेदीविषयी. 'देअर आईज'च्या पेपरबॅकमध्ये मुख्यतः दोन प्रती नजरेस पडतात: अमेरिकेची हार्पर पेरेनियल, हेन्री लुइस गेट्स यांच्या उपसंहारासह, आणि ब्रिटनची विरागो, झेडी स्मिथ यांच्या प्रस्तावनेची. दोन्ही संहिता विश्वसनीय. झेडी स्मिथ यांचा निबंध कादंबरी संपल्यावर वाचा, तो शेवट गृहीत धरून लिहिलेला आहे. नाव न ऐकलेल्या प्रकाशकाच्या अतिस्वस्त प्रती मात्र उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका. जुनी छापील पानं स्कॅन करून संगणकाकडून अक्षरं ओळखवून घेतली की बोलीची सगळ्यात आधी वाट लागते. लोपचिन्हं (अपॉस्ट्रॉफी) गळतात, 'आह'चं भलतंच काहीतरी होतं, आणि शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली 'डॅट'ला मुकाट्याने 'दॅट' करून टाकते. दुसऱ्या प्रकरणातली आजीची लांब बोलणी तपासा, चूक असेल तर तिथे लगेच दिसेल.

अशा प्रती निघतात त्याचं कारण कायद्यात आहे, आणि मराठी भाषांतरकारांनी ते ध्यानात घ्यावं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालतात, म्हणजे हर्स्टनच्या हयातीत छापलेल्या पुस्तकांवरचे हक्क इथे २०२० अखेर संपले. अमेरिकेत १९३७ची कादंबरी २०३३च्या आरंभी मोकळी होईल, तोवर तिथे विक्री करायची तर परवानगी लागेल. 'बॅराकून' आणि मृत्यूनंतर निघालेली इतर पुस्तकं इथेही मोकळी नाहीत. नव्या प्रतींतल्या प्रस्तावना, उपसंहार, टिपा आणि 'डस्ट ट्रॅक्स'ची पुनर्स्थापित पानं यांचा हिशेब वेगळा आहे, तो प्रकाशकाला विचारूनच करावा. भाषांतर हाती घेणार असाल तर सुरुवात 'म्यूल्स अँड मेन'पासून करा. त्यातल्या थापा मराठीत बसतात, आणि कुठली बोली वापरायची हा प्रश्न तिथे पहिल्याच पानावर सोडवावा लागतो.